सांगणाऱ्याचा रकाना

आमच्या सोसायटीतल्या एका सुनेनं मला व्हॉट्सॲपवर निमंत्रण पाठवलं. हिंगणा रोडवरच्या कुठल्याशा फार्महाउसवर शनिवारी रात्री ‘शमॅनिक हीलिंग सर्कल’, म्हणजे आदिवासी मांत्रिक-वैद्याच्या, शमॅनच्या, धर्तीवरची उपचारबैठक. पोस्टरवर पिसांचा टोप घातलेला कुणी म्हातारा, मागे हिरवंगार जंगल आणि खाली ओळ: ‘ॲमेझॉनचं प्राचीन शहाणपण आता नागपुरात’. प्यायला काय देणार, तर कोको. म्हणजे चॉकलेटच्या बियांचा कडू काढा. त्यात बेकायदा काही नाही, फार तर झोप उडेल. “काकू, तुम्ही झाडपाल्याचं शिकवायच्या ना, तुम्हाला आवडेल,” असं तिनं प्रेमानं लिहिलं होतं. मी गेले नाही. जमिनीवर मांडी घालून बसणं आता जमत नाही, आणि जमलं असतं तरी पैसे भरून अनोळखी माणसाच्या ढोलावर डोळे मिटायचे हे माझ्या स्वभावात बसत नाही.

पोस्टर मात्र डोक्यातून जाईना. हे शहर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजानं वसवलं. अजब बंगल्यात, म्हणजे इथल्या वस्तुसंग्रहालयात, आदिवासींचं दालन आहे. शाळेची पोरं तिथून रांगेनं जातात, काचेआडच्या वस्तूंकडे एक नजर टाकतात आणि पेंढा भरलेले प्राणी बघायला पळतात. एका बाजूला गडचिरोली, दुसऱ्या बाजूला मेळघाट. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणापर्यंत पोचता येतं. आणि आम्हाला आदिवासी शहाणपणाची तहान लागली, की आम्ही थेट पेरूला जातो.

मी निवृत्त होईपर्यंत फार्मसीच्या मुलांना फार्माकॉग्नॉसी शिकवली. कोणत्या सालीत काय असतं, भेसळ कशी पकडायची, पानाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो, हे सगळं. सायकेडेलिक, म्हणजे भान बदलणारी, द्रव्यं आमच्याकडे अर्गट या बुरशीच्या धड्याच्या शेपटाला दोन ओळींत संपायची. परीक्षेला येत नाही म्हणून मुलं त्या दोन ओळीही गाळायची. आता त्यांतलाच एक हैदराबादला औषधचाचण्यांच्या कामात आहे. तो मला अधूनमधून शोधनिबंध पाठवतो, मी चष्मा लावून वाचते आणि मग रविवारी फोनवर आमचं वाजतं. या लेखातलं बरंचसं त्या वादावादीतून आलेलं आहे.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. काही जातींच्या अळंब्यांत सायलोसायबिन नावाचं द्रव्य असतं. पोटात गेल्यावर काही तास माणसाचं भान, काळाची जाणीव, ‘मी’पणा हे सगळं बदलून जातं. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका चाचणीचे निष्कर्ष आले. इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे २३३ रुग्ण, आणि २५, १० किंवा १ मिलिग्रॅमचा एकच डोस. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमवाले १ मिलिग्रॅमवाल्यांपेक्षा स्पष्ट सुधारलेले दिसले. बाराव्या आठवड्यापर्यंत बऱ्याच जणांचा फायदा ओसरला होता. डोकेदुखी, मळमळ आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचार, हेही नोंदलं गेलं. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२३ पासून परवानगी असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना हे द्रव्य लिहून द्यायची मुभा दिली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २०२० मध्ये लोकांनी मतदान करून देखरेखीखालच्या वापराला वाट करून दिली. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली सायलोसायबिन आणि एलएसडी, डीएमटी अशी त्याच जातीची द्रव्यं जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. हा लेख वाचून कुणी पावसाळ्यात सेमिनरी हिल्सवर अळंबी शोधत फिरू नये. आणि धोतऱ्याच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये. धोतऱ्यानं दृष्टान्त होत नाहीत, मेंदूत नुसता गोंधळ होतो, ताप चढतो, माणूस दगावतो.

त्या चाचण्यांची खोली कशी असते ते मी विद्यार्थ्याला खोदून खोदून विचारलं. मऊ कोच. मंद दिवा. डोळ्यांवर पट्टी, कानांत आधीपासून ठरवलेलं संगीत. बाजूला प्रशिक्षित माणूस सहा-आठ तास बसून. त्याच्याआधी ओळखीच्या, तयारीच्या बैठका. नंतर जे दिसलं-वाटलं त्याचं काय करायचं यासाठी आणखी बैठका. घरात कुणाला मनोविदलता किंवा उन्माद असेल तर त्या माणसाला चाचणीत घेतच नाहीत. मी म्हटलं, “अरे, हे तर पुजाऱ्याचं घर झालं. चुलीच्या जागी एसी लावला, एवढंच.” तो हसला. म्हणाला, “मॅडम, असं कुठं लिहू नका.”

लिहितेच.

ही खोली आली कुठून ते बघायला मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात जावं लागतं. तिथं डोंगरात वाउत्ला नावाचं गाव आहे, मासातेक लोकांचं. मारिया साबिना ही तिथली उपचार करणारी बाई. निरक्षर, विधवा, लहानपणी भुकेपोटी अळंबी खाल्लेली. जून १९५५ मध्ये जे. पी. मॉर्गन बँकेचा उपाध्यक्ष गॉर्डन वॉसन तिच्या घरी रात्रीच्या विधीला बसला. हौशी अळंबीतज्ज्ञ होता तो. हा विधी मजेसाठी होत नाही, आजाऱ्यासाठी किंवा एखाद्या काळजीसाठी होतो. म्हणून त्यानं आपल्या मुलाच्या खुशालीचं निमित्त पुढे केलं. अंधार केलेला, अळंब्या जोडीजोडीनं मोजून दिलेल्या, आणि मग रात्रभर तिचं गाणं. १३ मे १९५७ च्या ‘लाइफ’ मासिकात त्याचा सचित्र लेख आला. लेखात तिचं नाव बदललं होतं, पण असलं झाकून राहतं थोडंच? हिप्पी आले, नट आले, गायक आले. त्यांच्या मागोमाग पोलीस आले. गावकऱ्यांनी राग तिच्यावर काढला, तिचं घर जळालं. पुढच्या वर्षी वॉसन परत गेला तेव्हा त्याच्यासोबतच्या रसायनशास्त्रज्ञामागे सीआयएचा पैसा होता. माणसाच्या मनावर ताबा मिळवायचं रसायन त्यांना हवं होतं. १९८५ मध्ये ती वारली, गरिबीतच. उतारवयात ती सांगायची, की परके आल्यापासून अळंब्यांची ताकद गेली. वॉसनच्या आधी कुणी नुसता देव बघायला म्हणून त्या खात नव्हतं, आजारी माणूस बरा व्हावा म्हणून खात होते.

इथपर्यंतची गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे आणि ती सांगताना डोळ्यांत पाणी आणायची एक पद्धतही पडून गेली आहे. मला तिच्यातलं पुढचं प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. एलएसडी शोधणारा स्वित्झर्लंडचा आल्बर्ट हॉफमन. त्यानं १९५८ मध्ये या अळंब्यांतून सायलोसायबिन वेगळं काढलं, मग ते प्रयोगशाळेत बनवलं. १९६२ मध्ये तो गोळ्या घेऊन वाउत्लाला गेला आणि त्या मारिया साबिनाला दिल्या. तिनं गोळ्यांवर अख्खा विधी केला. पहाटे तिचा निकाल असा, की गोळीत आणि अळंबीत तोच जीव आहे. वर ती खूश झाली, कारण आता अळंब्यांचा हंगाम नसतानाही तिला लोकांची सेवा करता येणार होती.

ही हकिकत दोन्ही बाजूंच्या भाबड्यांची पंचाईत करते. ‘निसर्गातलं तेच खरं, कारखान्यातलं खोटं’ म्हणणाऱ्यांना बाईनंच उत्तर दिलं. माझ्या विद्यार्थ्यानं मात्र उडीच मारली. “बघा मॅडम, तीच म्हणाली, गोळीत तेच आहे. मग विषय संपला ना?” मी म्हटलं, “गोळीत तेच आहे हे कुणाला कळलं? तुझा हॉफमन सगळी उपकरणं, सगळे आलेख घेऊन शेवटी त्या डोंगरातल्या बाईकडे गेला. प्रमाणपत्र तिनं दिलं.” तो जरा गप्प झाला. त्याच्या चाचणीत प्रमुख संशोधक असतो, सहसंशोधक असतात, निबंधावर पाच-पंचवीस नावं असतात. त्या रात्री वाउत्लात ते काम तिनं केलं होतं.

आदिवासींचं ज्ञान म्हटलं, की लोक उदबत्तीच्या वासासारखं काहीतरी समजतात. वातावरणनिर्मिती. माझ्या धंद्यातल्या माणसाला त्यात सगळ्यात आधी तंत्र दिसतं. आयावास्काचंच बघा. ॲमेझॉनच्या लोकांचं हे पेय दोन वनस्पतींचं असतं. एकीच्या पानांत डीएमटी असतं. पण नुसती ती पानं उकळून प्यायली तर काही होत नाही, कारण पोटातली विकरं डीएमटीचा चट्टामट्टा करतात. दुसरी एक वेल, तिच्यातली द्रव्यं त्या विकरांना अडवतात. दोन्ही एकत्र शिजवली तरच काम होतं. हजारो वनस्पतींच्या जंगलात ही जोडी जुळवणं, शिजवायचं कसं, पिण्याआधी पथ्य काय, हे कुणी एका रात्रीत केलेलं नाही. आजचे डॉक्टरही नैराश्याच्या काही गोळ्या चालू असताना हे पेय धोक्याचं ठरतं म्हणून बजावतात. पथ्याला ‘अंधश्रद्धा’ म्हणायची आपल्याला घाई असते, म्हणून सांगितलं.

आता या वेलीचीच पेटंटची गोष्ट. १९८६ मध्ये लॉरेन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाला या वेलीच्या एका ‘वाणा’वर पेटंट मिळालं. ॲमेझॉनच्या आदिवासी संघटनांच्या समन्वय समितीला हे कळल्यावर त्यांनी १९९९ मध्ये आव्हान दिलं. ही आमच्या पूजेची वेल आहे, हिच्यावर कुणाची मालकी कशी, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेटंट फेटाळलं गेलं. पण कशाच्या जोरावर? शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये तशाच वेलीचे वाळवून चिकटवलेले नमुने आधीपासून होते, म्हणून. कितीतरी पिढ्या ती वेल लावणारी, शिजवणारी, तिच्यासमोर गाणारी माणसं पुराव्यात बसली नाहीत. कागदावर चिकटवलेली फांदी बसली. पुढे २००१ मध्ये ते पेटंट परत बहाल झालं आणि मुदत संपेपर्यंत राहिलं.

हर्बेरियमचे असे कागद मी जन्मभर केले आहेत. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चिठ्ठी असते. कुळ, शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. गोळा करणारे म्हणजे आम्ही, शहरातून जीप करून गेलेले. ज्यानं झाड दाखवलं, ज्यानं ‘याची साल, त्याचं मूळ’ म्हणून सांगितलं, त्याचा रकाना आमच्या छापील चिठ्ठीत नव्हता. विभागाची चिठ्ठी छापून आलेली असायची, गठ्ठ्यानं.

आपल्याकडे हळदीची लढाई सगळ्यांना माहीत आहे. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट मिळालं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकारानं सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था लढली, १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. शाळेच्या भाषणांत अजून टाळ्या मिळतात. पण ती लढाई जिंकली गेली ती जुने ग्रंथ आणि छापील निबंध समोर ठेवून. नंतर सरकारनं पारंपरिक ज्ञानाचं जे मोठं डिजिटल ग्रंथालय उभारलं, तेही आयुर्वेद, युनानी, सिद्ध, योग यांच्या लेखी ग्रंथांवर. माझ्या आजीच्या हळदीला संस्कृतचा आधार होता. गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या जंगलातल्या सालीला कोणाचा आहे? व्हॉट्सॲपवर ‘आपल्याकडे हे सगळं वेदांत होतंच, सोम म्हणजे तेच’ असं फिरवणाऱ्या काकांना मी एकदा सांगितलं, की सोम म्हणजे लाल टोपीची अळंबी हा तर्क १९६८ मध्ये त्याच वॉसन साहेबांनी मांडला, आणि विद्वानांचा त्यावर अजून वाद आहे. त्यांनी मला अंगठा पाठवला.

धानोऱ्याचं नाव निघालं म्हणून तिथल्या दादांबद्दल. वैदू होते, गोंड, गावचे प्रमुख, म्हणजे भूमिया, तेही त्यांना विचारूनच पुढचं ठरवायचे. मुलांना घेऊन आम्ही तिकडे जायचो. एका सहलीत सकाळी सकाळी ते आम्हाला एका झाडापाशी घेऊन गेले, तर बुंध्याशी पिवळे तांदूळ पडलेले. “काल सांजेलेच आवतन देऊन ठेवलं त्याले,” ते म्हणाले. ज्याच्यासाठी साल काढायची त्याचं नाव झाडाला आदल्या संध्याकाळी सांगायचं, हळद-तांदूळ वाहायचे, मग सकाळी यायचं. कोयत्यानं त्यांनी तळहाताएवढा तुकडा काढला, एकाच बाजूनं, आणि उघड्या पडलेल्या जागेवर ओली माती थापली. आमच्यातल्या एका मुलीनं वही उघडून विचारलं, “दादा, ही साल कशावर चालते?”

“ज्याच्यासाठी काढली त्याच्यावर.”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. त्या उत्तरात आमच्या अभ्यासक्रमाचा निम्मा पाया हलतो, हे तिला कळलं असेल-नसेल.

परत आलो तर अंगणात एक बाई बसलेली. तिचा तरणा मुलगा रात्र रात्र झोपत नव्हता, एकटाच बोलायचा, मध्येच उठून जंगलात जायचा. आम्हाला वाटलं, आता मुळी-साल निघेल. दादांनी अर्धा तास नुसतं विचारलं. रात्री सोबतीले कोन राह्यते? मामा हाय का? कामाले कुठी गेलता? मुलगा हैदराबादकडे मिरची तोडायला गेला होता, ठेकेदारानं पैसे बुडवले, आणि तिथंच काहीतरी घडलं होतं जे तो सांगत नव्हता. “मामाले घेऊन ये. दोघं रात्री त्याच्याजवळ झोपाचे. मंग दवा देतो,” असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. जाताना हेही सांगितलं, की पुढच्या आठवड्यात फरक नाही पडला तर मोठ्या दवाखान्यात न्यायचं, ते स्वतः सोबत येतील. त्यांच्या औषधात भान हरपणारं काही नव्हतं. गोंडांकडे सायलोसायबिन आहे असा माझा मुळीच दावा नाही. पण चाचणीच्या त्या खोलीत जे पैसे ओतून उभं करतात, ते तिथं अंगणात चाललं होतं. कुणाला द्यायचं, कुणाला नाही. सोबत कोण. नंतर काय. आणि जमलं नाही तर हात वर न करता कुणाकडे सोपवायचं.

आता मी महाराष्ट्रात वाढलेली बाई. दाभोलकरांच्या व्याख्यानांना गेलेली. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांचा खून झाला, त्यानंतरच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. मेळघाटात तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्यानं डागणं देतात. मुलं मरतात त्यात. त्यालाही ‘परंपरा’च म्हणतात. अशा वेळी ‘आदिवासी शहाणपण’ असा एकच गठ्ठा करून त्याच्यापुढे हात जोडणं मला जमत नाही. नागपुरात ठिकठिकाणी ‘लकवा, दमा, गुप्तरोग’ अशा पाट्यांचे तंबू असतात, त्यांतला माणूस उद्या इथं सापडेल याची खात्री नाही. दादा सापडायचे. चूक झाली तर त्याच गावात त्यांना तोंड दाखवायचं होतं, ग्रामसभेत बसायचं होतं. माझ्यापुरता मी हा फरक पक्का धरलाय. ज्ञान कुणाच्या तरी नजरेखाली असतं का? ही कसोटी मी फार्महाउसवाल्या शमॅनलाही लावते आणि बड्या औषध कंपनीलाही.

मोहाच्या दारूचंही तेच. पेन म्हणजे गोंडांचा देव. त्याच्या पूजेत मोहाचे पहिले थेंब जमिनीवर पडतात, मग माणसं पितात, आणि किती प्यायची, कुणी प्यायची याला सगळं गाव साक्षी असतं. त्याच गडचिरोलीत बायकांनी, गावांनी, कार्यकर्त्यांनी झगडून १९९३ पासून दारूबंदी आणली, कारण दारू विधीतून निघून दुकानात गेली होती. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच जिल्ह्यातलं आहे.

नागपूरकरांना एक गोष्ट मात्र परकी नाही. १८९२ मध्ये सूफी संत ताजुद्दीन बाबांना वेडा ठरवून इथल्या पागलखान्यात ठेवलं गेलं. तिथंच लोक दर्शनाला यायला लागले. पुढे भोसल्यांच्या रघुजीराजांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या वाड्यावर नेलं. आजही मन ठिकाणावर नसलेल्या माणसाला घेऊन नातेवाईक आधी ताजबागेत, बाबांच्या दर्ग्यावर, जातात, मग मानकापूरच्या मनोरुग्णालयात, किंवा उलट. मला त्यातला कुठलाही एक रस्ता बंद करावासा वाटत नाही. गोळ्या मात्र बंद करू नका एवढं मी ओळखीच्यांना हात धरून सांगते.

आधुनिक वैद्यकाला विचारायची सवय लावता येते, याचं उदाहरण आपल्याच भागात आहे. डॉ. अभय आणि राणी बंग गडचिरोलीत काम करायला गेले तेव्हा आदिवासी दवाखान्याला का बिचकतात, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, असं उत्तर आलं. मग शोधग्राममधला दवाखाना गावातल्या झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला लोकांच्या सांगण्यावरून माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. आत औषधं, शस्त्रक्रिया सगळं आधुनिकच. विज्ञानाचं त्यात काय कमी झालं?

वाट्याचं गणित त्याहून अवघड आहे. केरळच्या अगस्त्य डोंगरात १९८७ मध्ये संशोधकांच्या लक्षात आलं, की सोबतचे कणी जमातीचे वाटाडे एक रानफळ खातात आणि दमत नाहीत. आधी ते सांगायला तयार नव्हते. त्या आरोग्यपच्चा वनस्पतीपासून ‘जीवनी’ नावाचं औषध झालं, परवाना एका आयुर्वेदिक कंपनीला गेला आणि त्यातला निम्मा पैसा कणींच्या न्यासाला द्यायचं ठरलं. जगभर कौतुक झालं. पण त्यांच्यातल्याच काही वैदूंचा ज्ञान विकायलाच विरोध होता, सगळ्या कणींना विचारलं गेलं नव्हतं आणि जंगलातून वनस्पती आणायला वनखात्याचा अडसर होताच. तरीही, सायलोसायबिनच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर २०१९ च्या अखेरीस अमेरिकेत पेटंट घेणाऱ्या कंपनीच्या मानानं ही अर्धीमुर्धी वाटणी मला थोर वाटते.

आणि ‘नाही’ म्हणायचा हक्क? अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या चर्चसाठी पेयोटी निवडुंग हा प्रसाद आहे. तो वाढायलाच दहाहून अधिक वर्षं घेतो. शहराशहरांत सायकेडेलिक वनस्पती गुन्ह्यातून वगळायची चळवळ सुरू झाली, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांनी सांगितलं, आमचा निवडुंग तुमच्या यादीत घालू नका. कोलोरॅडोनं २०२२ मध्ये मतदान घेतलं तेव्हा पेयोटी बाहेर ठेवला. ‘शहाणपण सगळ्या मानवजातीचं असतं’ म्हणणाऱ्यांना हे रुचत नाही. मलाही आधी रुचलं नव्हतं, शिक्षकाला काहीही लपवून ठेवणं रुचत नाही.

विद्यार्थ्याशी शेवटचा वाद माझ्या वह्यांवरून झाला. जंगलातल्या त्या फिरण्याच्या वह्या माझ्या कपाटात आहेत. त्याच्या ओळखीची एक कंपनी झोप आणि चिंता यांवर चालणाऱ्या वनस्पती तपासते आहे, “मॅडम, नुसत्या स्कॅन करून पाठवा, तुमचं नाव टाकतील.” माझं! मी त्याला २००६ च्या वनहक्क कायद्यातलं कलम वाचून दाखवलं: जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर गावसमाजाचा हक्क. म्हटलं, ग्रामसभेकडे अर्ज कर. तो म्हणाला, त्याला फार वेळ लागतो. मी म्हटलं, औषधाला मंजुरी देणाऱ्या एफडीएला लागतो तेवढा तर नाही ना लागत?

वह्या मी गावाला द्यायच्या ठरवल्या आणि तिथं नवीनच पेच निघाला. दादा आता नाहीत. मुलगा ग्रामसभेचा तेंदूचा हिशेब बघतो, थोडीफार दवाही देतो. ‘लोक जैवविविधता नोंदवही’त, म्हणजे गावच्या झाडाझुडपांच्या सरकारी नोंदीत, सगळं घालू, म्हणजे पुरावा राहील, असं मी त्याला सांगत होते. फील्ड म्युझियमची गोष्टही सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतलं.

“मॅडम, झाडाचं नाव लिहा. दवा नोका लिहू.”

“अरे, नाही लिहिलं तर तुझ्यामागे कसं टिकणार?”

“मले बापानं सांगतलं ना. लिहून थोडीच देल्लं होतं?” मग म्हणाला, वहीत आलं की ते कोणाचंच राहत नाही, वाचता येते त्याचं होते. जैवविविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीत ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानाच्या वापराला वाटा देण्यातून सूट दिली आहे. तुमची नोंदवही म्हणजे तसा ग्रंथ नव्हे, हा फरक मी त्याला समजावत बसले. त्यानं मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही, आणि खरं सांगायचं तर सरकारी कागदाबद्दल त्याचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त आहे.

शेवटी मसुदा असा झाला: वनस्पतीचं नाव, कुठं सापडते, फुलते केव्हा, घटली की वाढली. उपयोगाच्या रकान्यात ‘ग्रामसभेस विचारावे’. आणि एक जादा रकाना, माहिती सांगणाऱ्याचा. त्यात मुलाला ग्रामसभेचंच नाव हवंय. दादांची बहीण, म्हणजे त्याची आत्या, तिथंच तांदूळ निवडत बसली होती, ती भडकली. “जनमभर जंगलात तो फिरला, अन् नाव सभेचं? त्याचंच टाका.” भूमिया म्हणाले, मेलेल्याचं नाव कागदावर कसं घ्यायचं ते पेनाला विचारावं लागेल. त्यावरून जी चर्चा सुरू झाली ती गोंडीत गेली आणि माझ्या हाताबाहेर. तेंदूचा बोनस वाटून झाला की पुढच्या सभेत हा विषय घेऊ, असं सचिवानं लिहून ठेवलंय.